मामीला न ऐकू येणारी शिटी

मामी अँप्लिफायर उलटा करते तेव्हा आधी त्याच्याखाली एक जुनी उशी ठेवते. वरच्या काचेच्या नळ्या, म्हणजे व्हॉल्व्ह, तिने आधीच काढून जुन्या मोज्यांत घातलेले असतात, एकेका मोज्यात एकेक. तरी उशी हवीच. मग ती त्या लोखंडी पेटीचं बूड स्वतःकडे वळवते, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढते आणि बराच वेळ नुसती बघत राहते. आत धुळीने माखलेल्या तारा, मेण गळालेले कंडेन्सर, कुणीतरी घाईत दिलेले सोल्डरचे गोळे.

"आधी हात लावायचा नाही," ती म्हणते. "कुणी कुठे काय करून ठेवलंय ते बघायचं. घरात नवं माणूस आलं की आपण त्याच्या पिशवीत हात घालतो का?"

वीज चालू असताना तपासायचं तर डावा हात खिशात. व्हॉल्व्हच्या यंत्रात विजेचा दाब फार मोठा असतो; दोन्ही हात आत घातले तर धक्का एका हातातून शिरतो आणि छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडतो. म्हणून मामीने आपल्या घरात घालायच्या प्रत्येक कपड्याला डाव्या बाजूला खिसा शिवला आहे. मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "लग्नाच्या फोटोत तेवढा खिसा नाही हिला. दोन्ही हात मोकळे होते, म्हणून मला धक्का बसला."

"धक्का नाही, तुमचा फ्यूज उडाला होता," मामी मान वर न करता म्हणते.

मामीने उभं आयुष्य ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात काढलं. वायंडिंग खातं. पत्र्याच्या छपराखाली ओळीने यंत्रं फिरायची आणि केसाहून बारीक तांब्याची तार थरावर थर बसत जायची. दोन थरांमध्ये कागद, पुन्हा तार, पुन्हा कागद. गोंगाट असा की बायका एकमेकींची गाऱ्हाणी ओठांवरून वाचायच्या. कारखाना बंद झाला त्या दिवशी सगळ्यांना भिंतीवरची घड्याळं वाटली गेली. मामीने घड्याळ मॅनेजरच्या टेबलावर परत ठेवलं आणि भंगारात निघालेलं हाताने फिरवायचं वायंडिंगचं यंत्र मागितलं. तो म्हणाला, असं देता येत नाही. ती म्हणाली, मग मी इथेच बसते. संध्याकाळी ते यंत्र आणि चाचणी खात्यातला एक जुना स्कोप, म्हणजे विजेच्या लहरी दाखवणारा पडदा, हातगाडीवर घालून ती घरी आली.

तिच्या ऐकण्याचा वरचा भाग मात्र कारखान्यातच राहिला. माणसांचं बोलणं ऐकू येतं, भांड्यांचा आवाज येतो. बारीक, उंच आवाज येत नाहीत. पाखरं कमी झाली आहेत असं तिला काही वर्षं वाटत होतं. मग एकदा खिडकीत बसलेलं पाखरू चोच उघडमीट करताना तिने पाहिलं आणि काय झालंय ते तिला कळलं. तिच्या मुलाने, म्हणजे माझ्या दादाने, तिला कानातलं मशीन आणून दिलं. ती ते लावते, पण कामाला बसताना काढून डबीत ठेवते. "मशीनमधून ऐकलं की मशीनच ऐकू येतं," असं तिचं म्हणणं. गिऱ्हाइकासमोर मात्र कानांबद्दल ती एक अक्षर कधी बोलली नाही.

गिऱ्हाइकं आपोआप येत गेली. आधी जवळच्या सभागृहाचा अँप्लिफायर आला, कारण त्याचा जळलेला ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून देणारं कुणी उरलं नव्हतं. मग कुणाच्या आजोबांचा, कुणी भंगारातून हौसेने उचललेला. तिला लोक 'व्हॉल्व्हवाल्या मावशी' म्हणू लागले. जेवायच्या टेबलाचा अर्धा भाग तिचा झाला, मग पाऊण. मामा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. छापील फलक आले तेव्हा त्याचं काम संपलं, आणि त्याने ते संपू दिलं. मामीच्या बाबतीत तसं काही होईल असं त्याला कधी वाटलं नाही. ताट मांडीवर घेऊन तो मुकाट जेवायचा.

मास्तरांचा अँप्लिफायर आला तो पार मेलेला. मास्तर म्हणजे पलीकडच्या गल्लीतले निवृत्त शिक्षक, लेकीजवळ राहणारे. बाहेर आवाज सोडणारा मोठा ट्रान्सफॉर्मर जळून कोळसा झाला होता. मामीने तो सोडवला, आतल्या लोखंडी पट्ट्या एकेक करून पुसल्या, जुनी तार उलगडताना थर कसे होते ते पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"किती आळशीपणाने गुंडाळलाय," ती म्हणाली. "दोन जाड थर, झालं काम. आमच्या खात्यात असं केलं असतं तर सुपरवायझर बाईंनी बॉबिन डोक्यात घातला असता."

तिने तो तिच्या मनासारखा केला. जाड थरांचे पातळ थर केले, आतली आणि बाहेरची तार एकीआड एक बसवली, जशी चांगल्या मालाला बसवतात. मग यंत्र पहिल्यांदा चालू करताना नेहमीप्रमाणे वीज आणि यंत्राच्या मध्ये एक बल्ब जोडला. आत कुठे काही चिकटलेलं असेल तर तो बल्ब भगभगून पेटतो. सगळं ठीक असेल तर क्षणभर उजळतो आणि हळूहळू मंदावतो. बल्ब मंदावला. व्हॉल्व्हमध्ये नारिंगी रेघा उमटल्या. मास्तरांच्या तबकडीवरचा एका बाईचा एकटा, बिनसाथीचा आवाज खोलीत भरला आणि मामाने पेपर खाली ठेवला. मास्तर यंत्र घेऊन गेले तेव्हा मामी शिटी न वाजवता शिटी वाजवण्यासारखे ओठ करून टेबल पुसत होती.

आठवड्याभरात मास्तर परत आले. दम लागला होता. अँप्लिफायर चादरीत बांधून रिक्षाने आणला होता.

"बाई, लेक म्हणते शिटी वाजते."

"कसली शिटी?"

"बारीक. सारखी. तिला खोलीत बसवत नाही म्हणे. मला काही ऐकू येत नाही."

"मग तिला तरी खरंच ऐकू येतेय कशावरून?" मामी म्हणाली. "काम करून दमून येत असेल. दमलं की कानात वाजतं."

तरी तिने यंत्र लावलं. तिघंही म्हातारे टेबलाभोवती खुर्च्या ओढून बसले. मामाने डोळे मिटले. मास्तरांनी कानामागे हात धरला. मामी कर्ण्यासमोर इतकी वाकली की तिचा चष्मा जाळीला टेकला. तबकडी लावलेली नव्हती. नुसतं चालू यंत्र आणि शांतता.

"छान शांत आहे," मामा म्हणाला.

"तेच म्हणते मी."

तेवढ्यात दार उघडून वहिनी आत आली, कामावरून, हातात पिशव्या. उंबऱ्यातच थांबली आणि तिने तोंड वाकडं केलं.

"आई, ही शिटी कसली वाजतेय? दात शिवशिवतात."

तिघांच्या माना तिच्याकडे वळल्या. वहिनीला वाटलं आपलं काही चुकलं. मामीने हात पुढे करून बटण बंद केलं, आणि वहिनीचे खांदे खाली आले. ते मामीने पाहिलं.

संध्याकाळी दादाने विषय काढला. तो वाईट माणूस नाही. आईच्या हातून काहीतरी होईल या भीतीत त्याने बरीच वर्षं काढली होती, आणि आता त्याला बोलायला जागा मिळाली होती.

"आई, आता पुरे कर हे."

"काय पुरे?"

"लोक विश्वासाने आणून देतात. आवाजाचं काम आहे. ज्याला ऐकू येत नाही त्याने आवाजाचं काम करू नये, यात अपमान काय आहे?"

"तुझे बाबा चष्मा लावून पेपर वाचतात. त्यांचा पेपर बंद केलास का?"

"तुझ्या कानाला चष्मा आणला होता मी. तू तो डबीत घालून ठेवलास."

"त्यातून तरी ती शिटी येते का ऐकू? आत्ता लावून बघितलं मी. नाही येत."

"बघ. म्हणजे तूच सांगतेयस."

मामा म्हणाला, "तुम्ही दोघं जरा बारीक आवाजात भांडा. मग हिला ऐकू येणार नाही आणि मिटेल."

मग दादाने दुसरी गोष्ट सांगितली. त्याच्या ऑफिसातल्या कुणाच्या ओळखीचा एक माणूस होता, जुन्या अँप्लिफायरचे शोभेचे दिवे करून हॉटेलांना विकणारा. मामीने भंगारातून जमवलेली, कपाटात पडून असलेली सगळी यंत्रं तो एकदम उचलणार होता. सुट्टीच्या दिवशी बघायला येणार होता.

"तू त्याला बोलावलंस," मामी म्हणाली.

"नुसतं बघायला."

"पाहुणा नुसता बघायला येतो तेव्हा घरात मुलगी असते. इथे कोण आहे?"

दुसऱ्या दिवशी दादा-वहिनी कामावर गेल्यावर मामीने स्कोप खाली काढला. स्कोपच्या हिरव्या पडद्यावर आवाज रेघ होऊन दिसतो. त्याला कान लागत नाहीत. आवाज नसेल तर रेघ सरळ हवी. मास्तरांचं यंत्र जोडलं तेव्हा रेघ सरळ नव्हती. तिला बारीक केस फुटले होते, दाट, एकसारखे, आणि ते थरथरत होते. मामी खुर्चीत मागे टेकली. कुणी काही म्हटलं नसतं तर तिने हे पाहिलंच नसतं. यंत्र गात होतं, मग स्कोप कशाला लावा, असं तिला वाटलं होतं.

कारण शोधायला दुपार गेली. कंडेन्सर बदलून पाहिले, व्हॉल्व्ह बदलून पाहिले. शेवटी उरलं ते तिचं स्वतःचं काम. जुना ट्रान्सफॉर्मर आळशी होता, पण हे यंत्र त्या आळशीपणाच्या हिशेबानेच बांधलेलं होतं. मामीने पातळ थर एकमेकांना खेटून बसवले, आणि इतक्या जवळ बसलेल्या थरांमध्ये आपापसात नको ती देवाणघेवाण सुरू झाली. यंत्र स्वतःचाच आवाज स्वतःला परत ऐकवत बसलं आणि शिटी घालू लागलं. वाईट गुंडाळला असता तर हे झालं नसतं. चांगला गुंडाळला म्हणून झालं.

मामा चहा घेऊन आला तेव्हा ती म्हणाली, "माझीच चूक आहे."

"मग सोपं आहे. दुसऱ्याची असती तर तू महिनाभर बोलत बसली असतीस."

एक सोपी वाट होती. एक छोटा कंडेन्सर योग्य जागी टाकला की शिटी थांबते. मामीने टाकून पाहिला. हिरव्या रेघेचे केस गळून गेले. मग तिने यंत्रातून चाचणीची लहर सोडली, जिचे कोपरे पायरीसारखे धारदार दिसायला हवेत. कोपरे गोल झाले होते, वापरून झिजलेल्या साबणासारखे. शिटीबरोबर वरचे सगळे बारीक आवाज कापले गेले होते: श्वास घेतल्याचा आवाज, वाद्याच्या तारेवर नख लागल्याचा, नेमके तेच जे मामीला ऐकू येत नाहीत.

"मास्तरांना तरी कुठे येतात?" मामा म्हणाला. "दे तसंच. शिटी गेली ना?"

"त्यांच्या लेकीला येतात."

"तिने शिटीची तक्रार केलीय. श्वासाची नाही."

"मला ऐकू येत नाही म्हणून मी तिच्या वाटचं कापून टाकू? आपल्याला गोड चालत नाही म्हणून घरातली साखर फेकून दिली का आपण?"

तिने तो कंडेन्सर काढला आणि पुन्हा ट्रान्सफॉर्मर सोडवायला घेतला. स्वतःच्या हाताने बसवलेली ती सुरेख तार तिने फेरा फेरा करून उलगडली. जुन्याचे तुकडे तिने टाकले नव्हते. त्यांच्यावरून थर मोजले आणि तसाच आळशी, जाड, दोन थरांचा ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळला. वहिनी एका संध्याकाळी तिच्याजवळ येऊन उभी राहिली.

"आई, झालं की मी ऐकून सांगीन. यापुढे प्रत्येक वेळी सांगत जाईन हवं तर. मग ह्यांना काही बोलता येणार नाही."

"नको," मामी म्हणाली. मग तिला ते फार तुटक वाटलं असावं. "तू कामावरून येतेस. तुला शांतता हवी असते. आणि उद्या तुझं-माझं भांडण झालं, तर मी कुणाचे कान मागायला जाऊ?"

"आपलं कुठे भांडण होतं?"

"होईल की. अजून वेळ आहे."

सुट्टीच्या दिवशी तो माणूस आला. मामाने त्याचं नाव दिवेवाला ठेवून टाकलं होतं. हसतमुख, स्वच्छ, आणि नमुना म्हणून एक अँप्लिफायर काखेत घेऊन आलेला. त्याने तो टेबलावर ठेवला आणि वायर लावली. व्हॉल्व्ह एकदम उजळले, एकाच वेळी, एकाच रंगात.

"बघा ताई, यांना नवं आयुष्य मिळतं."

मामीने तो उचलला. तो भलताच हलका होता. तिने उलटा करून पाहिला.

"याच्या पोटातलं कुठे गेलं?"

"आतलं सगळं काढतो आम्ही. व्हॉल्व्हच्या खालून छोटा बल्ब देतो. उजेड अगदी खऱ्यासारखा."

"तापत नाही ना?"

"अजिबात नाही," तो खूश होऊन म्हणाला. "पोरांनी हात लावला तरी चालतं."

मामीने दोन्ही हातांनी तो दिवा त्याच्यासमोर ठेवला. "छान आहे. माझ्याकडचं एकही देणार नाही."

दादा म्हणाला, "आई, मी त्यांना शब्द दिलाय."

"शब्द तुझा आहे, तो तू पाळ. यंत्रं माझी आहेत."

"मग मास्तरांच्या यंत्राचं काय? त्यात परत शिटी वाजली तर? तेव्हा तरी कपाट रिकामं करशील?"

"वाजली तर परत उघडीन."

"आणि परत वाजली तर?"

"परत उघडीन. स्क्रूला कंटाळा येत नाही, तुला का येतो?"

दारात मास्तर उभे होते. त्यांना मामीने निरोप पाठवला होता, आणि निरोपात लेकीला घेऊन या असं मुद्दाम सांगितलं होतं. लेक रात्रपाळी करून आलेली, डोळ्यांखाली काळं, आणि नसत्या उठाठेवीत ओढलं गेल्यासारखी. खोलीत आता इतकी माणसं झाली होती की दिवेवाल्याला जायला वाट उरली नव्हती. तो आपला दिवा पोटाशी धरून भिंतीला टेकून राहिला.

मामी त्या मुलीकडे वळली. सगळ्यांच्या देखत, एका परक्या माणसाच्याही देखत, ती म्हणाली, "मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. बरीच वर्षं झाली. मागच्या वेळी तुझी तक्रार मी खोटी ठरवली, कारण मला ते सांगायची लाज वाटत होती. आता स्कोप म्हणतोय शिटी गेली. तू ऐक आणि काय ते सांग. माझ्यासाठी बरं बोलू नकोस."

दादाने खिडकीबाहेर पाहिलं. मामाने आपल्या खुर्चीवरून उठून ती मुलीला दिली.

व्हॉल्व्ह हळूहळू तापले, एक आधी, दुसरा मागून. मुलगी ऐकत होती. मामी यंत्राकडे बघत नव्हती, मुलीच्या खांद्यांकडे बघत होती.

"शिटी नाही," मुलगी म्हणाली.

मामीने तबकडी लावली. बाईचा आवाज आला. मुलीने आपणहून बटणाला हात घातला, आवाज वाढवला, कमी केला, परत वाढवला. आणि कपाळाला आठी घातली.

"शिटी नाही. पण हे फिरवलं की खरखरतं. अगदी बारीक. आधी होतं का हे?"

"कुठे?" मामी पुढे सरकली. "परत फिरव. सुरुवातीला की मधे?"

"मधे. इथे."

"बटणाची आतली पट्टी झिजली असेल," मामी म्हणाली, आणि तिचा हात स्क्रूड्रायव्हरकडे गेलासुद्धा. "मास्तर, तुम्ही बसा. चहा होईल तोवर होईल हे. आणखी काय ऐकू येतं? सगळं सांग."

ती मुलगी पहिल्यांदा हसली. दिवेवाला कधी गेला कुणाच्या लक्षात आलं नाही. वहिनीने सांगितलं की जाताना तो दादाला म्हणाला, तुमच्या आई फार कडक आहेत. दादा म्हणाला, मला विचारा.

त्याच आठवड्यात मामीने मामाला ब्रश काढायला लावला. इतक्या वर्षांनी मामाने एक पत्रा घासला, पांढरा रंग दिला, पेन्सिलने रेघा आखल्या.

"काय लिहू? 'बहिरी' लिहू का?"

"लिहायचं असेल तर लिहा. पण मला तुमचं बोलणं ऐकू येतं, दुर्दैवाने. म्हणून नेमकं लिहा."

पाटी अशी झाली: 'व्हॉल्व्हचे अँप्लिफायर दुरुस्त करून मिळतील. दुरुस्त करणारीला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. ज्याच्या घरी वाजणार त्याने येऊन ऐकून घ्यावे.'

दादाने ती वाचली. पुन्हा वाचली.

"आई, ही खाली जिन्यापाशी लावणार? लोक हसतील."

"हसू देत. हसून दमले की वर येतील."

"आणि नाही आले तर?"

"तर कपाटातली आधी करीन. ती कधीची वाट बघतायत."

दादाने खिळे मागितले. मामाने ते आधीच खिशात ठेवले होते. पाटी थोडी डावीकडे कलली आणि तशीच राहिली.

गिऱ्हाइकं काही दिवस खरंच कमी झाली. मास्तर तेवढे येत, नुसतेच बसायला. मग एका दुपारी एक धिप्पाड माणूस अँप्लिफायर छातीशी धरून वर आला. धापा टाकत होता. यंत्र टेबलावर ठेवून त्याने मामीकडे नीट पाहिलं.

"खाली लिहिलंय ते खरं आहे? ऐकू येत नाही तुम्हाला?"

"बारीक आवाज येत नाहीत."

"मग दुरुस्त कसं करता?"

"पटत नसेल तर उचला," मामी म्हणाली. "जिना तोच आहे, खाली पण जातो."

तो माणूस आपल्या यंत्राकडे बघत राहिला, मग दाराकडे, मग हातावरच्या वळांकडे. मामीने तोवर उशी आणून टेबलावर टाकली होती आणि पहिला व्हॉल्व्ह मोज्यात जात होता. त्याने खुर्ची ओढली आणि तो बसला.